आडवी गाठ, उभी गाठ

एका सीझनला मला पुन्हा कोयता हातात धरावा लागला, तोही मुकादम झाल्यावर. आमच्याकडे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. असे पंधरा कोयते मी गावोगाव फिरून जमवले होते. कारखान्याच्या शेतकी ऑफिसात पुरुष मुकादमांच्या रांगेत उभी राहून, आवाज चढवून माझी टोळी लावून घेतली होती. आणि तरी त्या साली मी वाकून ऊस तोडला. माझ्याबरोबर माझ्या नवऱ्यानंही तोडला. मी मुकादम झाल्यापासून हा माणूस पांढरी टोपी घालून फडाच्या कडेला उभं राहण्यापलीकडे काही करत नव्हता.

ही सगळी करणी अंबाजोगाईच्या एका सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांची. माझी कंबर थंडीत अजून त्यांची आठवण काढते, आणि चांगल्या शब्दांत काढत नाही.

एका बियाणांच्या दुकानामागे दोन खोल्या, हा त्यांचा दवाखाना. पुढच्या खोलीत लाकडी बाक, मागच्या खोलीत मशीन. डॉक्टर उंच, खांदे पडलेले, शर्टाच्या बाह्यांना कायम त्या थंड चिकट जेलीचे डाग. थंड ती त्यांच्याकडे नसायची म्हणा. जेलीची बाटली ते गरम पाण्याच्या पातेल्यात उभी करून ठेवत आणि बाईच्या अंगाला लावण्याआधी स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून बघत, बाळाचं दूध बघावं तसा. पण या माणसाला हळू बोलता येत नसे. आत चाललेलं बोलणं बाकावर, आणि वारा असला तर बियाणांच्या दुकानात ऐकू जाई. कुणी तक्रार केली तर म्हणत, "डॉक्टर हळू बोलायला लागला की बाई घाबरते. मी ओरडतोय तोवर समजायचं, सगळं ठीक आहे."

नवऱ्यांना आत मज्जाव होता. सासू चाले, बहीण चाले, शेजारीण चाले, नवरा नाही. "त्याचं आत काय काम? त्याला पाण्याला लावा." दुष्काळाचं साल होतं. जनावरं छावणीत, विहिरीत गाळ, गल्लीत टँकर येईल तेव्हा पाणी. टँकरचा भोंगा वाजला की बाकावरचे सगळे नवरे बादल्या घेऊन पळत आणि दवाखान्याचं पिंप भरून देत. एकदा एका सहकारी कारखान्याच्या चेअरमनचा पुतण्या बायकोला घेऊन जीपमधून आला. कडक इस्त्री, हातात गाडीची किल्ली. डॉक्टरांनी त्याच्या हातात बादली दिली. तो म्हणाला, "डॉक्टर, मी कोण हाय माहीत हाय ना?" डॉक्टर म्हणाले, "माहीत आहे. म्हणून मोठी बादली दिली."

त्या सालातली त्यांची एक लकब सगळ्या तालुक्यात गाजली. बाईच्या छातीतल्या काही गाठी म्हणजे नुसतं पाणी साठलेली पिशवी असते. मशीनवर ती काळीभोर, गोल, स्वच्छ दिसते. तशी दिसली की हा माणूस दार किलकिलं करून बाहेर ओरडे, "पाणी लागलं!" बाकावर बसलेली माणसं बोअर मारून मारून थकलेली. त्यांना हसू आवरत नसे. आत झोपलेली बाई, जी घरून निम्मी मरून आलेली असे, तीही हसत सुटे. लोक त्यांना पाणाड्या डॉक्टर म्हणायला लागले; रानात बोअरची जागा दाखवतो तो पाणाड्या. तेलगावकडचा एक जण तर खरोखरच मशीन रानात न्यायला आला होता.

"बाईच्या अंगातलं पाणी दिसतं, मग माळावरचं कावून न्हाई?"

"माझं मशीन चार बोटं खोल बघतं," डॉक्टर म्हणाले. "चार बोटांवर पाणी असेल तर बोलवा, मी येतो."

माणूस मान हलवत गेला. पटलं नव्हतं त्याला.

मी त्यांच्याकडे गेले ते दसऱ्याच्या तोंडावर. दसरा झाला की ट्रक निघणार. आमच्या बायकांची एक जुनी रीत आहे. अंगात जे काही कुरकुरत असेल, दाढ असो, गाठ असो, गर्भाची पिशवी असो, ते सीझनच्या आधी काढून मोकळं व्हायचं. फडावर आजारपण म्हणजे खाडा, आणि खाडा कुणालाच परवडत नाही. मला उजव्या बाजूला एक गाठ होती, लिंबाएवढी. ती पाळीच्या दिवसांत दुखायची. मी ठरवून आले होते : आज फोटो, उद्या काढायची, परवा टोळी ट्रकवर चढवायची.

डॉक्टरांनी मशीन फिरवलं. पडदा माझ्याकडे वळवला. ही त्यांची पद्धत. जिची गाठ तिनं बघायची.

"ही कधीपासून आहे?"

"पोरगी शाळेत जायला लागली तवापासून."

"वाढली?"

"न्हाई. हाय तेवढीच हाय. बोट लावलं की पळती."

"मग बघा तुमची पळपुटी." त्यांनी बोट ठेवलं. "लांबट, अंड्यासारखी. आडवी झोपलेली. कडा गुळगुळीत. भोवती ही बारीक पांढरी रेघ दिसते? तो हिचा बांध. शेजारच्या रानात नांगराचा एक ताससुद्धा घुसलेली नाही. अशी भावकी मिळाली तर माणसानं देवाला नारळ फोडावा."

बांधाचं म्हणाल तर मला डॉक्टरांनी शिकवायची गरज नव्हती. माझा सख्खा दीर दरवर्षी एकेक तास आमच्या रानात सरकतो.

"काढून टाका," मी म्हणाले.

"का?"

"दुखती."

"दुखते म्हणून वाईट आणि दुखत नाही म्हणून चांगली, असं गाठीचं नसतं. ही आडवी झोपलीय, झोपू द्या. गुढीपाडव्याला परत दाखवा. तेवढीच असेल तर तेवढीच राहू दे. काही बदल दिसला तर सुई टाकून बघू."

"मग लिहून द्या, की हिच्यापासून काही होणार न्हाई."

"आज मला ही बरी दिसते, एवढं लिहून देतो. पुढचं लिहायला मी ब्रह्मदेव नाही."

मी बरंच बोलले. मी बैल घेतलेत, ट्रकचे करार केलेत, कारखान्याच्या साहेबाला टेबलावरून उठायला लावलंय. मधला आकडा निघतोच हा माझा अनुभव. इथं निघेना. शेवटी मी आवाज चढवला तेव्हा डॉक्टर पडद्याकडे बघून नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "मुकादमबाई, तुमच्या अख्ख्या अंगात ही एकटीच शांत दिसते."

बाहेर बाक हसला. माझ्या टोळीतली कौसाही त्यात होती, तिचा आवाज मी ओळखला. हे मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

कौसा माझ्यासोबत आली होती, नुसती सोबत म्हणून. माझ्या टोळीतला सगळ्यांत जलद कोयता तिचा आणि बंकटचा, तिच्या नवऱ्याचा. बंकट ऊस पाडायचा, पण कोयत्याचा वेग तिच्यामुळे. मोळी बांधायला बसली की गाठ मारून उठेपर्यंत दुसरी बाई अजून बांधायला वाढं, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, शोधत असे. त्या दिवशी बंकट बाहेर टँकरच्या रांगेत होता आणि कौसा बाकावर, मांडीवर उशी घेऊन.

या उशीचं सांगायला हवं. डॉक्टरांच्या बायकोनं शिवलेली ती लहानशी कापसाची उशी होती. बाकावरच्या बायकांच्या हातात ती फिरत राही. कापसात एक रिठा मोकळा सोडलेला, बोट लागलं की निसटणारा. आणि दुसऱ्या कोपऱ्यात एक ओबडधोबड सुपारी, कापडाला टाके घालून घट्ट शिवलेली, जागची न हलणारी. बायकांनी डोळे मिटून बोटांच्या पेरांनी दोन्ही गाठी शोधायच्या, एवढाच खेळ. ज्या बाईला अंगावर हात ठेवायची लाज वाटायची, ती उशी मात्र आनंदानं चाचपत बसे. कोण आधी शोधतंय यावरून बाकावर पैजा लागत.

मी रागानं बाहेर आले. "चल गं. इथं कुणी ऐकत न्हाई."

कौसा उठली नाही. तिची बोटं सुपारीवर होती.

"आक्का, ही जी हलत न्हाई ना," ती म्हणाली, "अशीच माझ्याकडं हाय."

"दुखती का?"

"जरा बी न्हाई."

"मग सोड की."

शेजारच्या दोघी-तिघीही तेच म्हणाल्या. दुखत न्हाई म्हणजे काही न्हाई. आमच्याकडे लहान पोरालाही हे माहीत असतं.

"कोण म्हणालं सोड?" डॉक्टर दारात उभे होते. "सोबत आलेल्या ताईंना आत पाठवा. तुम्हीही या, मुकादमबाई. ओरडायला कुणीतरी लागेल."

कौसा आडवी झाली. डॉक्टरांनी मनगटावर थेंब टाकून बघितला, तिला लावला, आणि पावसाचं काहीतरी बोलायला सुरुवात केली. यंदा हस्ताचाही भरवसा नाही, असं काहीतरी. वाक्य अर्ध्यावर राहिलं. मशीन एका जागी थांबलं, थोडं तिरकं झालं, परत तिथंच आलं. आडवं माप घेतलं, उभं माप घेतलं. मग काखेत बराच वेळ बघत राहिले. 

"पाणी हाय का?" कौसानं विचारलं.

"नाही ताई," डॉक्टर म्हणाले, आणि ते हळू म्हणाले. "पाणी नाही."

त्यांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "मी खोटं बोलणार नाही. ही मला आवडलेली नाही. पण मी वरून बघणारा माणूस आहे. आत काय आहे ते सुईनं तुकडा काढल्यावर कळतं. उद्या मेडिकल कॉलेजला जायचं, मी सर्जनला फोन करतो. माझा अंदाज चुकला तर या गल्लीत पेढे मी वाटीन."

कौसानं पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघितलं. मी डॉक्टरांना बोळात ओढलं.

"परवा ट्रक निघत्यात."

"निघू द्या."

"पाडव्याला आणते हिला. माझ्या गाठीला पाडवा दिलात ना?"

"हिला पाडवा नाही."

"बरं, संक्रांत."

"उद्या."

"दिवाळी. फडावरून मी स्वतः घेऊन येते, शप्पथ."

"उद्या, मुकादमबाई."

"हा कुठला न्याय? माझी लिंबाएवढी, तिला सहा महिने. हिची हरभऱ्याएवढी, तिला एक दिवस न्हाई?"

डॉक्टर आत गेले आणि मशीनमधून निघालेले दोन गुळगुळीत कागद घेऊन आले. एक माझा, एक कौसाचा. खिडकीच्या उजेडात शेजारी-शेजारी धरले.

"बैल बाजारात घेता ना? मग मोठं-लहान सोडा. चाल बघा, खूर बघा. मी काही बोलत नाही. तुम्ही सांगा."

मला त्या कागदावरचं तेव्हाच कळायला लागलं असं नाही. आधी नुसता धूर दिसला. मग माझी दिसली, आडवी, भोवती रेघ. मग कौसाची. ती झोपलेली नव्हती. ती उभी होती, खाली खोलात उतरल्यासारखी. कडा सराट्यासारख्या, चहूबाजूंनी काटे काढलेले. आणि तिच्या मागे खालपर्यंत काळी सावली पडली होती, उन्हात बाभळीची पडते तशी. माझ्या गाठीच्या मागे उजेड होता.

मी रेघ शोधली. सगळीकडून शोधली.

"हिला बांध न्हाई," मी म्हणाले.

"कोरलाय," डॉक्टर म्हणाले. "शेजारच्या रानात घुसलीय."

"उद्या?"

"उद्या."

पुन्हा आत गेले तेव्हा कौसा उठून बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. त्या दवाखान्याच्या भिंती तशाच. "आक्का, माझ्यामुळं कोयता बसंल," ती म्हणाली. "बंकट एकटा काय करंल? तुमी कारखान्याला पंधरा कोयते लिहून दिलेत."

त्याच वेळी बंकट दारात आला, गुडघ्यापर्यंत भिजलेला, दोन्ही हातांत बादल्या. "काय झालं? काय म्हणत्यात?"

"पिंप भरलं का?" कौसानं विचारलं.

"निम्मं."

"मग भरा आधी. सांगते."

तो गेला. त्याच्या पाठीकडे बघत ती रडली, पहिल्यांदाच, थोडंसं. मग माझ्याकडे बघायला लागली, जणू तिनं माझं काही नुकसान केलं होतं आणि मी काय बोलते याची वाट बघत होती. मला असल्या वेळी गोड बोलता येत नाही. मी डॉक्टरांवर ओरडले. "पंधरा लिहून दिलेत ना? मग पंधरा जातील. हिचा कोयता मी चालवते. आणि आमचे हे. बंकट हिच्याजवळ राहील. बसा आता तुमची सुई घेऊन."

"यांना विचारलंत का?" डॉक्टरांनी विचारलं. 'हे' म्हणजे माझा नवरा, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

"त्यांना कशाला विचारायचं?"

डॉक्टरांचा आवाज परत वर चढला, तेव्हा मला बरं वाटलं. "ऐकलंत का रे बाहेर? ह्या बाईच्या नवऱ्यालासुद्धा मी पाण्याला लावणार होतो. त्याचं आधीच काम झालेलं आहे."

माझ्या नवऱ्यानं ती बातमी कशी घेतली हे लिहिण्यासारखं नाही. पहिल्या आठवड्यात त्याच्या तळहाताला असे फोड आले की त्याला भाकरी मोडता येईना. टोळीतली पोरं त्याला बघायला लांबून येत. "मालक, टोपी सांभाळा, वाढ्यात जाईल." तो मला शिव्या देई, मी डॉक्टरांना देई. वर्षानुवर्षं शिट्टी मारून लोकांना उठवणारी मी, आता माझ्याच शिट्टीला पहाटे उठत होते. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवरून चढताना एका हातानं कंबर धरत असे. पण एक सांगते, त्या सीझनला माझी टोळी जशी हसली तशी आधी कधी हसली नव्हती. आणि माझा माणूस फाल्गुनापर्यंत खरोखरच ऊस तोडायला शिकला.

फडाजवळच्या किराणा दुकानात फोन होता. तिथं बंकटचा निरोप यायचा. सुईनं डॉक्टरांचा अंदाज खरा ठरवला, त्यांना पेढे वाटायची वेळ आली नाही. मग ऑपरेशन झालं. मग तो निरोप आला, जो मी दुकानदाराकडून दोनदा म्हणवून घेतला : काखेत उतरलेली नव्हती, वेळेत सापडली. त्यानंतर सलाईनची औषधं, केस गेले, तोंडाची चव गेली. "केस न्हाईत तर डोईला तेल लागत न्हाई," असा कौसाचाच एक निरोप आला. मी त्या दिवशी फडात उभी राहून सगळ्यांना तो ओरडून सांगितला, आणि मग पाणी प्यायला म्हणून उसात गेले नि थोडा वेळ तिथंच थांबले.

पाडव्याला परत आले तेव्हा मी माझी गाठ दाखवली. होती तेवढीच होती. डॉक्टरांनी माझे हात बघितले, घट्टे बघितले, आणि जेलीची बाटली परत पातेल्यात ठेवली. नंतर बाहेर बियाणांच्या दुकानदाराला सांगत होते, मोठ्यानं, की मुकादम असावा तर असा. ते मला ऐकू जावं म्हणून होतं की नाही, कोण जाणे.

पुढचा दसरा आला. कौसाच्या डोक्यावर बोटभर केस आले होते, मऊ, कुरळे, आधी कधी नव्हते असे. ती माझ्या दारात येऊन म्हणाली, "माझा कोयता लिहा."

"वेडी हाय का? घरी बस."

"घरी बसून काय करू? तुमी न्हाई नेलं तर दुसऱ्या मुकादमाकडं जाते."

माझ्या टोळीतल्या कुणी मला असं तोंडावर म्हणायची ती पहिलीच वेळ. मी तिला तशीच हाताला धरून अंबाजोगाईला नेलं. म्हटलं, माझं ऐकत नाहीस, या माणसाचं ऐक. हा कुणाचंच ऐकत नाही.

डॉक्टरांनी तपासलं, सर्जनचे कागद वाचले, आणि जे मला हवं होतं तेच बोलले. "या सालभर फडावर जायचं नाही. ऑपरेशनच्या बाजूच्या, उजव्या हातानं ओझं तर अजिबात उचलायचं नाही."

"सालभर म्हंजी लई झालं," कौसा म्हणाली. "दिवाळीपस्तोर बसते."

मी भिंतीला टेकून मजेत बघत राहिले. मला माहीत होतं आता काय होणार. उद्या म्हणजे उद्या.

"ताई, तुम्हाला कळत नाही."

"कळतं की. तुमी तुमचं सांगा, मी माझं सांगते." तिनं टेबलावरचा जेली पुसायचा स्वच्छ टॉवेल उचलला, स्वतःच्या उजव्या हातावर टाकला आणि हात पुढे केला.

बैलबाजारात सौदा तोंडानं करत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकतात आणि खाली बोटं दाबून भाव ठरवतात. बघणाऱ्याला काही कळत नाही. डॉक्टर त्या टॉवेलकडे बघत राहिले. मग त्यांनी बाह्या मागे सारल्या. "माझा बाप दलाल होता," ते म्हणाले, "याद राखा." आणि त्यांनी टॉवेलखाली हात घातला.

मी भिंतीपासून सरळ झाले. कौसाच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नव्हती. डॉक्टरांनी मान हलवली, नाही. टॉवेल हलला. पुन्हा नाही. कौसानं नुसती भुवई उचलली. डॉक्टरांनी छताकडे बघितलं, ओठ हलवून महिने मोजले आणि खाली बोटं दाबली. कौसानं थोडा वेळ जाऊ दिला, कसलेला व्यापारी जाऊ देतो तसा, आणि मग मान डोलावली.

माझ्याशी एका दिवसाचा सौदा न केलेला माणूस. मी पाडव्यावरून दिवाळीवर आले होते, शपथ घेतली होती, आणि हे माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच टोळीतल्या बाईबरोबर.

"किती ठरलं?" मी विचारलं.

डॉक्टर टॉवेलखालून हात काढून बोटं चोळत होते. एकेक बोट वाकवून बघत होते. "बाप रे," ते म्हणाले, त्यांच्या त्या मोठ्या आवाजात, बाकावर, बोळात, दुकानात सगळीकडे ऐकू जाईल असं. "काय पकड आहे ह्या बाईची."

"अगं, किती ठरलं?"

कौसानं टॉवेलची घडी घातली आणि टेबलावर ठेवली. "ते आमच्या दोघांतलं हाय, आक्का," ती म्हणाली. "ट्रक कधी भरायचा, तेवढं तुमी बोला."